आइस हॉकी स्केट : बुटाचं माप, पात्याची पन्हळ (हॉलो) आणि पात्याचा बाक (प्रोफाइल), आधी काय दुरुस्त करायचं?

पहिली_फेरी :

नमस्कार मंडळी. आइस हॉकीच्या स्केटबद्दल नेमका सल्ला हवा आहे. तुम्हाला अंदाजाने बोलावं लागू नये म्हणून सगळे तपशील आधीच देतो.

वजन ७८ किलो. आठवड्यातून दोनदा बर्फावर, दर वेळी साधारण सव्वा तास. चालायच्या बुटाचा अमेरिकन नंबर ९, म्हणून स्केटही ९ नंबरचेच घेतले. रुंदी डी, म्हणजे मध्यम. पातं २८८ मिमीचं, बुटाखालच्या होल्डरमधून काढता येणारं. आत्तापर्यंत सहा वेळा धार लावून झाली आहे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी.

तक्रारी अशा : जोर देऊन पाऊल टाकलं की टाच आतल्या आत वर उचलली जाते. ती उचलू नये म्हणून नाड्या करकचून बांधल्या की अर्ध्या तासात घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिभेच्या खाली, ठणकायला लागतं. वळताना डाव्या पायाची आतली कड अधूनमधून सुटते, उजव्याची सुटत नाही. आणि उलटं स्केटिंग करताना तोल मागे जातो, टाचेवर बसल्यासारखं वाटतं.

धार लावणाऱ्याने विचारलं, 'हॉलो किती ठेवू?' मला उत्तर देता आलं नाही. एकाने ३/८ करून घे म्हणजे पकड वाढेल असं सांगितलं, दुसरा म्हणतो प्रोफाइलच बदलून घे. नेमकं काय करू? आणि कोणत्या क्रमाने?

टाचबंद :

क्रम विचारलात हे फार बरं केलंत, कारण लोक बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी बूट, मग दोन्ही कडा समपातळीत आहेत का ते, मग हॉलो, आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइल. पाय बुटात हलत असेल तर खालचं पातं कितीही उत्तम घासून घेतलं तरी तुमचा जोर तिथवर पोचतच नाही.

तुमचा बूट मोठा आहे. टाच उचलली जाणं आणि घोट्यापुढचं दुखणं या दोन्ही तक्रारी एकाच जागेवरून येताहेत. हॉकी स्केटचा नंबर चालायच्या अमेरिकन नंबरापेक्षा साधारण १ ते दीडने कमी असतो. लांबीत एका पूर्ण नंबरचा फरक म्हणजे १/३ इंच, साधारण ८.५ मिमी. म्हणजे ९ चा जोडा घालून तुम्ही ८.५ ते १२.७ मिमी जास्तीची जागा पायात घेऊन फिरताय. तुमच्यासाठी साडेसात आणि ८ असे दोन्ही नंबर घालून बघायला हवेत.

मोठ्या बुटाचं दुखणं कसं सुरू होतं ते सांगतो. टाच मागच्या वाटीत बसत नाही, म्हणून माणूस नाड्या जास्त ओढतो. नाड्या ओढल्याने टाच मागे सरकत नाही, फक्त जीभ खाली दाबली जाते. तिच्या खाली, घोट्याच्या वळणावर, पाय वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा अगदी कातडीलगत असतात. गुडघा वाकवला की नाडी त्यांच्यावर रुतते. याला लेस बाइट म्हणतात. जेलची गादी जिभेखाली ठेवून, किंवा दुखऱ्या जागेसमोरचं नाडीचं एक भोक सोडून तात्पुरता आराम मिळतो, पण बूट मोठा असेपर्यंत दुखणं परत येणारच.

घरी करायच्या तपासण्या देतो. संध्याकाळी करा, दिवसभर उभं राहून पाय किंचित सुजलेला असतो तेव्हा. बर्फावर घालता तोच पातळ मोजा घाला.

पहिली, सोल काढून. आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, टाच त्याच्या मागच्या कडेला नेमकी बसवून पूर्ण वजन टाकून उभे राहा. पुढे अंगठ्याच्या टोकापासून सोलाच्या टोकापर्यंत किती मिमी उरतात ते मोजा. दोन्ही बाजूंनी पाऊल सोलाबाहेर ओघळतंय का तेही बघा. सगळीकडून ३-४ मिमी बाहेर येत असेल तर रुंदी कमी पडतेय. एका पायाची लांबी दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर मोठ्या पायाचं माप धरा.

दुसरी, बोटाची. नाड्या पूर्ण ढिल्या करा, पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवा आणि गुडघा वाकवा. टाच आणि बुटाची मागची बाजू यांत हाताचं एक बोट जेमतेम जायला हवं. सैल जात असेल तर लांबी जास्त. मोठ्या माणसाच्या नेमक्या मापाच्या बुटात ते बोटही अडकतं.

तिसरी, पेन्सिलची. टाच मागे ठोकून बसवा, नाड्या ढिल्या ठेवा, जीभ पुढे ओढून बाजूला करा. वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही बाजूंच्या काठांवर टेकली आणि पायाला लागली नाही, तर बुटाची खोली पुरेशी आहे. पावलाच्या उंचवट्यावर टेकून ती डुलायला लागली तर बूट उथळ आहे, आणि अशा बुटात नाडी कशीही बांधली तरी टोचणार.

चौथी, उभं राहून. नाड्या बांधून ताठ उभे राहा. बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकी घासली पाहिजेत, वाकलेली नकोत. मग गुडघे वाकवा, टाच मागे जाते आणि बोटं टोपीपासून सुटतात. ताठ उभं असताना 'हा बूट किंचित लहानच आहे' असं वाटणं बऱ्याचदा बरोबर मापाचंच लक्षण असतं. चालायच्या बुटाची सवय असल्याने दुकानात नेमकं इथेच मन कचरतं आणि माणूस अर्धा नंबर वर जातो.

आणखी एक. घोट्याच्या वरचा भाग आवळू नका. पुढची दोन-तीन भोकं बेताची, मधली (पावलाच्या वळणावरची) घट्ट, आणि शेवटची दोन पुन्हा किंचित सैल. वरचं टोक करकचलं की नडगी पुढे झुकत नाही, गुडघा वाकत नाही आणि वजन आपोआप मागे जातं. तुमच्या टाचेवर बसण्याच्या तक्रारीत याचा वाटा असणार.

पोलादी_कड :

टाचबंद यांच्या क्रमाशी पूर्ण सहमत. मी पात्याचं बघतो.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ, कारण 'धार' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. पातं उलटं धरून टोकाकडून बघा. खालचा पृष्ठभाग सपाट नसतो, लांबीभर एक उथळ पन्हळ असते आणि पन्हळीचे दोन काठ म्हणजे तुमच्या दोन कडा, आतली आणि बाहेरची. ही पन्हळ ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या म्हणजे हॉलो. १/२ म्हणजे अर्ध्या इंचाची त्रिज्या. आकडा लहान तेवढी पन्हळ खोल आणि कडा टोकदार. आता पातं बाजूने बघा. पुढून मागे तो होडीच्या तळासारखा बाक दिसतो, ते प्रोफाइल. आणि दोन्ही कडा एका पातळीत आहेत की नाहीत, ही तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट.

तुमची फक्त डावी आतली कड सुटते. हॉलो चुकीचा असता तर दोन्ही पाय सारखेच सुटले असते. एकच कड सुटते तेव्हा शंका तिघांवर : कडा असमान, त्या कडेला खाच, किंवा धार लावताना निघालेली बर (पोलादाचा बारीक खरखरीत कंगोरा) कडेवर दुमडून राहिलेली.

असमानपणा घरीच मोजता येतो. स्केट उलटा धरा. पात्याच्या मधोमध, दोन्ही काठांवर आडवी टेकेल अशी सरळ, कडक पट्टी ठेवा. पोलादी फुटपट्टीचा तुकडा चालेल, लहान चुंबकाने चिकटवला तर हात मोकळे राहतात. पात्याच्या बाजूला गुण्या लावा आणि पट्टी काटकोनात आहे का ते बघा. पातं साधारण ३ मिमी जाड असतं. पट्टी ३० मिमी लांब असेल तर कडांमधला फरक पट्टीच्या दोन टोकांत दहापट होऊन दिसतो. टोकांत अर्ध्या मिमीचा फरक दिसला, तर कडांत ०.०५ मिमीचा फरक आहे.

०.०५ ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून पन्हळीची खोली काढून बघू. खोली अंदाजे म्हणजे जाडीचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. ९ भागिले १०१.६, म्हणजे साधारण ०.०९ मिमी. एका छपाईच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी! ३/८ ला ती ०.१२ होते, ५/८ ला ०.०७, ३/४ ला ०.०६. म्हणजे अर्ध्या इंचाच्या धारेत ०.०५ ची तिरकस चूक झाली तर एका कडेच्या उंचीचा निम्म्याहून जास्त भाग हिशेबातून गेला. अशा पात्याला ३/८ करून घेतलं तर पकड थोडी वाढल्यासारखी वाटेल, पण तिरकेपणा तसाच राहील आणि वर थांबताना पाय अडखळायला लागतील.

खाच आणि बर यांसाठी नखाची परीक्षा पुरते. नखाचा सपाट भाग कडेवर आडवा, अगदी हलका ओढा. नखाचा बारीक किस निघाला की कड जिवंत आहे. टोकापासून टाचेपर्यंत दर दोन सेंटीमीटरवर दोन्ही कडा तपासा. निसटतं तिथे कड बोथट आहे, खरखरीत अडकतं तिथे खाच किंवा बर. बर काढायला बारीक दाण्याचा दगड पात्याच्या बाजूला पूर्ण सपाट टेकवून एक-दोन हलके हात पुरतात. दगड जरासाही कडेकडे तिरका झाला की नवी कड गेलीच म्हणून समजा.

या दोन परीक्षा करा आणि आकडे इथे टाका. मग हॉलोचं बोलू.

पहिली_फेरी :

दोघांचेही आभार. मोजलं ते असं :

सोलावर उभं राहून पुढे उजवीकडे ११ मिमी, डावीकडे ९ मिमी उरतात. बाजूंनी पाऊल कुठेही बाहेर येत नाही. टाचेमागे बोट सैल जातं, दुसरं बोटही जवळपास शिरतं. पेन्सिल दोन्ही काठांवर टेकते, पायाला लागत नाही.

पात्यावर ३० मिमीची पट्टी ठेवली. उजवं सरळ. डाव्याची पट्टी आतल्या बाजूला झुकलेली, टोकांत ०.६ मिमीचा फरक, म्हणजे आतली कड बुटकी. नख दोन्हीकडे नीट किसलं जातं, खाच नाही.

प्रोफाइल मोजायची काही घरगुती युक्ती आहे का? दोन पाती शेजारी धरली तर डाव्याचा बाक जास्त दिसतो, पण डोळ्यावर भरवसा नाही.

निळी_रेषा :

आहे. पातं होल्डरमधून काढा. जाड काच किंवा खात्रीने सपाट असलेली फरशी घ्या. पातं त्यावर उभं धरा आणि पुढून, मग मागून, छपाईच्या साध्या कागदाची पट्टी पात्याखाली सरकवा. कागद अडेल तिथे पात्यावर पेनाने खूण करा. कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. दोन खुणांमधलं अंतर मोजा.

हिशेब असा : अंतराच्या निम्म्याचा वर्ग, भागिले ०.२. उत्तर मिमीमध्ये त्रिज्या. ९ फूट त्रिज्येच्या बाकाला खुणांत सुमारे ४७ मिमी येतात, १० फुटांना ४९, १३ फुटांना ५६, आणि ७ फुटांना ४१.

दोन सावधगिरी. एक, वर्गामुळे चूकही वाढते. २ मिमीची चूक त्रिज्येत जवळपास एका फुटाची होते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. दोन, पातं डुलतं, त्यामुळे दोन खुणांचा मध्य म्हणजे तोलाचा बिंदू असं मुळीच धरू नका. या युक्तीने फक्त बाकाची तीव्रता कळते, तो पुढे-मागे कुठे सरकलाय ते नाही.

पहिली_फेरी :

तीनदा मोजलं. उजवं ४८, ४८, ४७. डावं ४१, ४०, ४१.

निळी_रेषा :

म्हणजे उजवं साधारण ९ फुटांच्या आसपास आणि डावं ७ च्या. नव्या जोडीत दोन्ही पाती सारखीच येतात. हा फरक धार लावताना आला आहे.

कसा येतो ते समजून घ्या, कारण पुढे यापासून जपायचं आहे. धार लावताना स्केट जिगमध्ये (स्केट धरून ठेवणाऱ्या पकडीत) घट्ट बसवून फिरत्या चाकावरून लांबीभर ओढतात. हात सगळीकडे सारख्या दाबाने आणि सारख्या वेगाने चालला तर पोलाद सारखंच निघतं. पण पात्याच्या दोन टोकांना हात वळवायला क्षणभर थांबतो, तिथे चाक जास्त खातं. दर वेळी केसभर, आणि सहा-आठ वेळा झालं की टोकं गोल होत जातात, मधला भाग उंच राहतो, बर्फाला टेकणारी लांबी आखडते. टाचेकडचा भाग खाल्ला गेला की उलटं जाताना मागे आधारच उरत नाही आणि पाय पाळण्यासारखा मागे झुलतो. तुमच्या तक्रारीचा दुसरा वाटा हा.

आता त्रिज्येने काय बदलतं. मध्यापासून १०० मिमी अंतरावर ९ फुटांचं पातं बर्फापासून १.८ मिमी वर असतं, १० फुटांचं १.६, १३ फुटांचं १.३. अर्ध्या मिमीचा हा खेळ पायाला स्पष्ट जाणवतो. लांब त्रिज्या म्हणजे जास्त पोलाद बर्फावर : सरळ वेग, स्थिरता आणि धक्का बसला तरी तोल. आखूड त्रिज्या म्हणजे जागच्या जागी वळणं सोपं, पण सरळ पळताना पाय अस्थिर. बचाव फळीतले बरेच खेळाडू लांबीकडे झुकतात, चपळ फॉरवर्ड आखूडकडे, पण उंची आणि पात्याची लांबीही बघावी लागते. २५४ मिमीच्या पात्यावर १३ फूट म्हणजे जवळजवळ सपाट फळी.

हल्ली एकाच पात्यावर दोन, तीन किंवा चार त्रिज्या घेतात. पुढे आखूड, सुरुवातीच्या झपाट्यासाठी, आणि मागे लांब, स्थिरतेसाठी. कल्पना उत्तम आहे. मात्र ती टिकवायची तर त्यानंतरची प्रत्येक धार काळजीपूर्वकच लागली पाहिजे, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत चार त्रिज्यांची एकच अनाम त्रिज्या होते.

पिचबद्दल, म्हणजे बूट पुढे-मागे किती झुकतो त्याबद्दल, थोडक्यात. प्रोफाइल करताना टोकाकडून पोलाद जास्त काढलं तर बूट पुढे झुकतो, टाचेकडून काढलं तर मागे. तुम्ही टाचेवर बसता म्हणून कुणीतरी 'पुढचा पिच करून घे' म्हणेलच. आत्ता नको. तुमच्या मागे जाण्याला सैल टाच, आवळलेला घोटा आणि खाल्लेलं डावं पातं अशी तीन कारणं आधीच सापडली आहेत. ती तशीच ठेवून पिच बदलला तर चौथ्या चुकीची भर पडेल आणि कशामुळे काय होतंय हे कुणालाच सांगता येणार नाही.

पोलादी_कड :

०.६ भागिले १०, म्हणजे डाव्या आतल्या कडेत ०.०६ मिमीची कमतरता. कड का सुटते याचं उत्तर मिळालं. दोष यंत्राच्या जुळणीचा : पातं चाकाच्या बरोबर मध्यावर नव्हतं. एका बाजूला सरकलं की पन्हळही एका बाजूला सरकते. जिगची उंची फिरवून दुरुस्त होतं, पाच मिनिटांचं काम. धार लावून झाल्यावर पट्टी ठेवून दाखवा असं सरळ सांगायचं. यात कुणाचा अपमान नाही, चांगला धारवाला तुम्ही सांगायच्या आधीच पट्टी ठेवून बघतो.

आता हॉलो. ७८ किलो, शिकण्याच्या टप्प्यात, ३/८ नको. जड माणसाचं वजनच कडेला बर्फात ढकलतं, त्याला खोल पन्हळ लागत नाही. खोल पन्हळीत पकड मिळते, पण सरळ घसरताना कडा बर्फ खरवडतात, वेग कमी होतो, मांड्या लवकर भरून येतात आणि आडवा पाय घालून थांबताना पातं घसरायच्या ऐवजी रुतून बसतं. साधारण अंदाज : ६० किलोखाली ३/८ ते १/२, ६० ते ८५ ला १/२ ते ५/८, त्यावर ५/८ ते ३/४. बर्फ खूप थंड आणि कडक असेल तर एक पायरी खोल, मऊ ओला असेल तर एक पायरी उथळ. तुम्ही १/२ पासून सुरुवात करा, तीन-चार सत्रं द्या. थांबताना अडखळत असाल तर ५/८ वर जा. बदल एका वेळी एकच पायरी, आणि त्या काळात नाडी, सोल, पातं यांतलं दुसरं काहीही बदलायचं नाही.

काही यंत्रांवर पन्हळीऐवजी मधे सपाट आणि दोन्ही काठांना तिरपी कड असा आकार देतात, त्याला फ्लॅट बॉटम व्ही म्हणतात. तिथे ९०/७५, १००/५० असे आकडे ऐकायला मिळतील : पहिला सपाट भागाची रुंदी, दुसरा कडांची उंची. घसर आणि पकड दोन्ही मिळतात, पण मग दर वेळी तेच यंत्र गाठावं लागतं. या ठिकाणी एक आणि त्या ठिकाणी दुसरं असं आलटून-पालटून केलं तर प्रत्येक वेळी जुना आकार मोडायला फुकट पोलाद जातं.

पहिली_फेरी :

म्हणजे या पात्यांवर प्रोफाइल करून घेऊ की नको? आणि नवा बूट घेतला तर भट्टीत घालून बसवतात ते करावं का? तेच जुन्या बुटाला केलं तर तो लहान होईल का?

टाचबंद :

शेवटच्या प्रश्नाचं आधी : नाही. गरम करून बूट पायाच्या आकाराला वळतो, लांबी तसूभरही कमी होत नाही. घोट्याभोवतीचा फोम दबतो, बाजूच्या भिंती आत घेता येतात, उंचवटे सामावले जातात. ११ मिमीची रिकामी जागा भट्टी भरून काढणार नाही. जाड मोजे घालून किंवा जास्तीचा सोल टाकून भरलेली जागाही फसवीच. टाच वाटीतून वर उचलली जाते आणि नवाच त्रास सुरू होतो.

नवा बूट मात्र जरूर तापवून घ्या. दुकानातली गरम हवा खेळती ठेवणारी भट्टीच वापरा. साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास, काही मिनिटं. नेमकं तापमान आणि वेळ मॉडेलगणिक बदलते, कंपनीने दिली असेल तीच धरायची. घरच्या ओव्हनमध्ये तापलेल्या सळ्यांची थेट आच एका जागी लागते, गोंद सुटतो, भिंती वाकड्या होतात. केसांच्या ड्रायरने नुसती वरची कातडी तापते.

भट्टीतून काढल्यावर : नाड्या आधीच मोकळ्या करून ठेवलेल्या असाव्यात. पाय घाला, बसूनच टाच जमिनीवर दोन-तीनदा ठोका म्हणजे ती वाटीत जाईल. नाड्या ओढताना वर नाही, बाजूला ओढा. गरम बुटातून वर ओढलेली नाडी भोकाची कडी उचकटून बाहेर काढू शकते. मग गुडघे ९० अंशांहून थोडे जास्त वाकवून, पाय जमिनीवर टेकवून १० ते १५ मिनिटं नुसतं बसायचं. उभं राहायचं नाही, चालायचं तर नाहीच. उभं राहिलात की घोटा ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला बूट कललेला गार होतो. त्यानंतर २४ तास बर्फावर जाऊ नका.

रुंदीचं : तुमचं पाऊल ९ डी च्या सोलाबाहेर येत नाही, पण लांबी कमी झाली की रुंदीही थोडी कमी होते. ८ डी मध्ये करंगळीच्या मुळाशी दाब आला तर लगेच साडेआठ डी कडे जाऊ नका, आधी ८ रुंद घालून बघा. बॉअरमध्ये रुंदी-खोली फिट १, २, ३ अशा आकड्यांत मिळते, १ सर्वात निमुळता. सीसीएमकडे टेपर्ड, रेग्युलर, वाइड. एका कंपनीतला रेग्युलर आणि दुसरीतला फिट २ डोळे मिटून सारखे मानू नयेत, दोन्ही घालून किमान पंधरा मिनिटं बसा. पाच मिनिटांत कळतं ते फक्त घट्ट की सैल, बधिरपणा दहाव्या मिनिटानंतर येतो.

एकाच ठिकाणी, मटाराएवढ्या जागेत दुखत असेल तर नंबर वाढवायचं कारण नाही. त्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावून पाय बुटात घाला, आत डाग उमटेल. नेमकी तेवढीच जागा तापवून बाहेर ठोकून देता येते. घोट्याचं हाड आणि टाचेच्या मागचा उंचवटा यांसाठी हे नेहमीचं काम आहे.

निळी_रेषा :

आणि प्रोफाइल या पात्यांवर करू नका. बूट बदलणार म्हणजे नंबर एक-दीडने खाली येणार, होल्डर आणि पातं दोन्ही लहान होणार. २८८ चं पातं नव्या होल्डरमध्ये बसणारच नाही. प्रोफाइलमध्ये पोलादही बरंच जातं. तोपर्यंत जुन्या जोडीची फक्त डावी कड समपातळीत करून घ्या, म्हणजे वळताना पाय निसटणार नाही.

नवे स्केट हातात आले की पहिली धार लावायच्या आधी एक काम करा. पातं होल्डरमधून काढा, जाड पुठ्ठ्यावर आडवं ठेवा आणि खूप बारीक टोकाच्या पेन्सिलीने खालचा बाक आखून घ्या. होल्डरमध्ये अडकणाऱ्या पुढच्या-मागच्या खाचाही आखा, म्हणजे पुढे-मागे कुठे काय होतं तेही कळेल. रेषेवर धारदार ब्लेडने पुठ्ठा कापा. डावं, उजवं आणि तारीख लिहून ठेवा. दर तीन-चार धारांनंतर पातं त्या पुठ्ठ्यात बसवून उजेडासमोर धरा. टोकाशी किंवा टाचेशी फट दिसली तर पुढच्या वेळी धार लावणाऱ्याला पुठ्ठाच दाखवा. फट मिलिमीटरभर झाली की मूळ बाक परत करून घ्या.

पोलादी_कड :

पुठ्ठ्याची युक्ती अगदी खरी, फक्त तो कोरडा ठेवा, ओलसर पिशवीत गेला तर फुगतो.

धार लावायला देताना तोंडी सांगू नका, स्केटला चिठ्ठी अडकवा. तुमच्यासाठी आत्ताची चिठ्ठी अशी : 'हॉलो १/२. डावी आतली कड ०.०६ मिमी बुटकी, मध्य जुळवून समपातळीत करणे. टोक व टाच गोल करू नये. बर दगडाने काढणे.' नव्या जोडीला पहिल्या वेळी हीच चिठ्ठी, डाव्या कडेचं वाक्य वगळून. कारखान्यातून येणारं पातं बऱ्याचदा खेळण्याजोगं धारदार नसतं, पहिली धार लावूनच बर्फावर उतरा.

तुमच्या वापराला दर ८ ते १५ तासांनी धार पुरेशी, म्हणजे तीन ते सहा आठवड्यांनी एकदा. मधे काँक्रीटवर दोन पावलं टाकलीत तर मात्र त्याच दिवशी नखाची परीक्षा. खेळून झालं की पातं लगेच फडक्याने पुसा, होल्डरच्या खाचेतलं पाणीही टिपा, आणि कापडी आवरण घाला. चालायचं कडक प्लॅस्टिकचं आवरण फक्त चालण्यापुरतं, त्यात ओलं पातं रात्रभर राहिलं की सकाळी कडेवर तांबूस ठिपके दिसतात. गंज आधी कडेलाच खातो, कारण तिथेच पोलाद सर्वात पातळ असतं.

पहिली_फेरी :

शनिवारी साडेसात डी, ८ डी आणि ८ रुंद असे तिन्ही घालून बघतो. सोल सोबत नेतो, पेन्सिलही. डावं पातं उद्याच चिठ्ठी लावून देतोय. तिन्ही जोड्यांचे मिमी इथेच टाकेन.

टाचबंद :

टाका. दुकानात बूट घातल्यावर गुडघा बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकवा आणि तशाच स्थितीत टाच वर उचलायचा प्रयत्न करा. टाचेबरोबर बूट उचलला गेला तर माप बसलं. बूट जमिनीवर राहून आतून नुसती टाच हलली, तर तो जोडा लगेच परत ठेवा.